ओढीच्या नळ्या

आमच्या घरी गाडी आली ती चालत आली नाही, ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणावी लागली. प्रताप नगर तेव्हा नुकतं वसत होतं. हाउसिंग बोर्डाची एकसारखी घरं, मध्ये मध्ये मोकळी वाळू, आणि संध्याकाळी त्या वाळूवरून वारं सुटलं की दारं-खिडक्या लावून घ्यायची धांदल. अशाच एका धांदलीत आमचे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, ट्रॅक्टरच्या मागे त्या गाडीचं स्टिअरिंग धरून बसलेले दिसले. गाडीच्या काचांवर बोटभर धूळ होती आणि तात्यांच्या तोंडावर असं हसू होतं की आई दारातूनच म्हणाली, "घ्या, म्हातारपणी दुसरा संसार आणला ह्यांनी." शेजारच्या बायका हसल्या. त्यांना मराठी कळत नव्हती, पण सूर कळला असावा.

गाडी जपानी होती. शेखावाटीकडच्या कुणीतरी आखाती देशातून येताना बोटीनं आणलेली, थोडे दिवस मिरवलेली, आणि पुढे दुरुस्ती कुणाला जमेना म्हणून गोठ्याशेजारी उभी करून टाकलेली. तात्या फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. सगळी नोकरी साहेबांच्या जीपा आणि सरकारी ट्रक दुरुस्त करण्यात गेली. स्वतःच्या मालकीची म्हणून एक सायकल, तीही आईच्या मते भंगारातली. शेवटचं पोस्टिंग जयपूरला होतं, म्हणून रिटायर झाल्यावर इथेच घर घेतलं. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की होती. ह्या गाडीत आईला शेजारी बसवून, आम्हा दोघा भावंडांना मागे घालून, जयपूरहून थेट साताऱ्याकडच्या आमच्या गावी जायचं, आणि जिथे भरतीला निघताना ते पत्र्याची ट्रंक घेऊन यष्टीची वाट बघत उभे राहिले होते, तिथे गाडी थांबवून हॉर्न द्यायचा. पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. हॉर्नपर्यंतच स्वप्न होतं.

हल्ली अशा गाड्यांना क्लासिक म्हणतात. जयपुरात त्यांचे शौकीन पुष्कळ. पांढरे कपडे घालून, मिशा वळवून, त्या गाड्यांच्या बाजूला फोटो काढून घेणारे लोक मी पाहिले आहेत. माझ्या भावाच्या फाटकाशी थांबून "बेचोगे क्या, भाई साहब?" असंही विचारतात. आमच्याकडे तिला कुणी काही नाव ठेवलं नाही. ती फक्त गाडी होती, आणि सगळ्या गल्लीत एकच असल्यामुळे ओळखीला तेवढं पुरत होतं.

घरात आमच्या भाषांची वाटणी झालेली होती. आई-तात्या एकमेकांशी आणि माझ्याशी गावाकडची मराठी बोलत. सुरेशदादाशी मात्र तात्या हिंदीत बोलत, तेही फौजेतल्या कडक हिंदीत. "पोराला हितंच पोट भरायचंय," हे त्यांचं म्हणणं. दादा लहान असताना बदल्या आसाम, पंजाब, मध्य प्रदेश अशा झाल्या. त्याची सगळी शाळा हिंदीत गेली. आईचं बोलणं त्याला समजायचं, पण तो उत्तर हिंदीतच द्यायचा, आणि मराठी बोलायला गेला तर "मी जाता है" असं काहीतरी व्हायचं. मग मी हसायची आणि तो पुन्हा हिंदीवर यायचा. मी धाकटी, आईच्या भोवती भोवती वाढलेली. आई बाजरीच्या भाकरी थापायची, त्या तव्यावर टाकल्यावर होणारा चर्र आवाज, गावाहून आणलेल्या कांदा-लसणाच्या चटणीचा डबा उघडला की नाकात जाणारा ठसका, आणि त्यावर आईचं अखंड बोलणं. त्यात मी मराठी शिकले. दादा त्या वेळी बाहेर गल्लीत क्रिकेट खेळत असायचा. शेजाऱ्यांकडून कढी आली, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी आली, की तो भाकरी बाजूला सारून तीच खायचा. आईला त्याचं वाईट वाटायचं. तात्यांना वाटत नसे. त्यांना वाईट वाटलं ते दादा भरतीत डोळ्यांमुळे नापास झाला तेव्हा. त्यानंतर बापलेकांत हिंदीही कमीच झाली.

गाडीचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी तात्यांच्या शेजारी होते. आत इंजिन दिसतच नव्हतं. काळ्या बारीक रबरी नळ्यांचं नुसतं जाळं होतं. एकीतून दुसरी, दुसरीखालून तिसरी, कुठली कुठून निघते आणि कुठे जाते काही पत्ता नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला कधीकाळी त्या नळ्यांचा नकाशा चिकटवलेला होता, पण राजस्थानच्या उन्हानं त्यावरची शाई खाऊन टाकली होती. तात्यांनी एका नळीला हात लावला तर तिचे बिस्किटासारखे तुकडे पडले. मला वाटलं ते वैतागतील. ते खूश झाले. "ह्यात वारं नसतंय बग," ते म्हणाले. "लोकांना वाटतंय वारं जातंय. ह्यातनं वढ लागती. इंजन श्वास आत घेतंय, त्या वढीवर ही सगळी कामं चालत्यात. ब्रेकसुदिक. एक नळी फुटली की सगळं घर आजारी." व्हॅक्यूम हा शब्द त्यांना येत होता, पण तो ते साहेबांसमोर वापरायचे. आमच्यात त्या ओढीच्या नळ्या होत्या.

मग कित्येक सुट्ट्या आमच्या त्या नळ्यांचा माग काढण्यात गेल्या. पद्धत त्यांची स्वतःची होती. नळीचं एक टोक ते तोंडात धरायचे आणि फुंकायचे. मी इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला वाकून एकेक उघडं टोक गालाजवळ नेऊन बघायची. गालाला गार झुळूक लागली की ओरडायची, "आली!" मग ते म्हणायचे, "बराबर." हा त्यांचा शब्द होता. नट बरोबर बसला, चहात साखर नेमकी पडली, माझं गणित सुटलं, सगळ्याला एकच, "बराबर." त्या नळ्यांना रबराचा, तेलाचा आणि तात्यांच्या तंबाखूचा मिळून एक वास होता. आज पुण्याच्या आमच्या घराखाली पार्किंगमध्ये कुणी बॉनेट उघडलं की मी उगाच थांबते, पण हल्लीच्या गाड्यांना तसा वास येत नाही.

कुठली नळी कुठली हे कळलं की ते दोन्ही जागांवर खूण करायचे. हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी, तिचा तुकडा नळी बसते त्या तोंडाला गुंडाळायचा आणि त्यावर बॉलपेननं लिहायचं. इंजिनाला जिथून ओढ सुरू होते तिथे एकाखाली एक अशी तोंडं होती. वरच्या तोंडावर त्यांनी लिहिलं "वर". मधल्यावर "मधी". त्याखालच्यावर "खाली". मागच्या बाजूच्या एकावर "मागं". आणि ती नळी पलीकडे जिथे जाऊन बसते, तिथेही तोच शब्द. म्हणजे नवी नळी आणली की "वर"ला "वर" जोडायचं, "खाली"ला "खाली" जोडायचं, विचार करायचं कारण नाही. "खाली"ची जोडी होती ब्रेकच्या बूस्टरशी. तो काळा पत्र्याचा गोल डबा असतो, इंजिनाची ओढ त्याला मिळाली की पायाला मदत करतो. ती नसेल तर ब्रेक दगडासारखा होतो. अक्षर तात्यांचं शाळकरी, मोठं आणि सरळ होतं. सगळ्या खुणा झाल्यावर त्यांनी जुन्या नळ्या काढून टाकल्या. इंजिन बोडकं झालं, आणि पांढऱ्या पट्ट्या तेवढ्या राहिल्या.

नव्या नळ्या आणायला जायचं होतं त्या सकाळी मी अंगणात केस विंचरत होते. आधी पान्याचा आवाज आला, इंजिनातून खाली फरशीवर पडल्याचा. तात्यांच्या हातून पाना कधी पडत नसे, म्हणून मी वळून बघितलं. ते बॉनेटला टेकून उभे होते आणि त्यांचं तोंड एका बाजूला उतरलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, पण त्यात शब्द नव्हते. दादानं त्यांना पाठीवर घेतलं आणि फाटकाबाहेर धावला. तो रिक्षासाठी हिंदीत ओरडत होता आणि आई मागून मराठीत. मला वाटतं आमचं घर त्या सकाळीच संपलं. पुढे जे झालं ते नुसतं आवरणं होतं.

मिलिटरी हॉस्पिटलातून ते आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेलेला होता. वाचा पूर्ण गेली नव्हती. थोडे शब्द परत आले, चार-दोन, रोजच्या रोज तेच. "नगं." "पाणी." आईचं नाव. सगळे मराठी. त्यांची हिंदी, जिच्यात त्यांनी सगळी नोकरी केली, जवानांवर ओरडले, दादाला वाढवलं, ती साफ पुसली गेली होती. डॉक्टर विचारायचे, "सूबेदार साहब, आज कैसे हैं?" आणि तात्या त्यांच्याकडे परक्या माणसासारखे बघायचे. डॉक्टरांनी समजावलं की असं होतं, माणसाजवळ लहानपणीचं तेवढं उरतं. दादा ते ऐकत कोपऱ्यात उभा होता. तात्या त्याच्याशी ज्या भाषेत बोलायचे ती भाषाच गेली होती. त्यानं बाहेर येऊन मला विचारलं, "मंगल, मतलब अब ये मुझसे कैसे बात करेंगे?" 

त्याच आठवड्यात दादानं गाडी हातात घेतली. त्याला गाड्यांतलं काही येत नव्हतं. पण त्याच्या मनानं घेतलं की गाडी सुरू झाली, तात्यांना तिच्यात बसवलं, तर ते निदान "बराबर" म्हणतील. एवढंच त्याला हवं होतं. भरतीत नापास झाल्यापासून त्यानं तो शब्द स्वतःसाठी ऐकला नव्हता. तो सकाळी तात्यांची खुर्ची उचलून अंगणात, गाडीसमोर ठेवायचा, त्यांच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकायचा आणि कामाला लागायचा. मी तेव्हा कॉलेजात असायची. संध्याकाळी आले की त्याचे हात काळे आणि चेहरा उजळलेला असायचा, कित्येक वर्षांत नव्हता तसा.

नव्या नळ्या त्यानं शहरातून आणल्या. खुणा वाचताना अडायचा आणि मला विचारायचा. "ये 'वर' कौन है? किसकी शादी है?" मी सांगितलं, वर म्हणजे ऊपर. "और ये 'मागं'? क्या मांग रहा है ये पाइप?" मी सांगितलं, मागे, पीछे. "मधी"सुद्धा विचारलं. आम्ही दोघं हसलो, तात्यांसमोर पुष्कळ दिवसांनी हसलो. "खाली" त्यानं विचारलंच नाही. जो शब्द कळला नाही तो त्यानं विचारला. हा कळला होता. आईच्या तोंडून "खाली बस" त्यानं जन्मभर ऐकलं होतं, पण लिहिलेली मराठी त्यानं कधी वाचली नव्हती. देवनागरी अक्षरं म्हणजे त्याच्यासाठी हिंदी. आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामं. तात्यांनी दोन्ही तोंडांवर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं की ही जागा रिकामी ठेवायची. तरी त्यानं एका मिस्त्रीला आणून विचारलं. मिस्त्रीनं इंजिनावर नजर टाकली आणि म्हणाला, "अरे, इन विदेशी गाड़ियों में आधे पाइप फालतू के होते हैं. बंद कर दो, शोर नहीं करेगी." दादानं इंजिनाच्या तोंडावर रबरी टोपी बसवली. बूस्टरचं तोंड तसंच उघडं ठेवलं.

होळीच्या सुमाराला गाडी सुरू झाली. गल्लीतले लोक बघायला आले, कुणी गुळाची भेली आणली. इंजिन सुरेख चालत होतं, कुठे फुसफुस नाही, अडखळणं नाही. आणि तात्या खुर्चीत ओरडायला लागले. "खाली! खाली!" डावा हात पुढे करून बोट खाली दाखवायचे, इंजिनाकडे म्हणून, पण खुर्चीतून ते जमिनीकडे वाटायचं. आई पदर खोचत धावत आली. "आवं, खाली निजायचंय का? थांबा, थांबा." तिनं आणि दादानं मिळून त्यांना उचललं आणि सतरंजीवर निजवलं. ते आणखी ओरडले. दादा त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि प्रेमानं, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं म्हणाला, "हाँ तात्या, खाली ही रखा है. जैसा आपने लिखा था, वैसा ही." तात्यांनी डाव्या हातानं त्याच्या खांद्यावर मारलं. तो मार नव्हताच, हातात तेवढा जोरही नव्हता. दादाला वाटलं शाबासकी आहे.

हे मला आईनं संध्याकाळी सांगितलं, भाकरी थापता थापता, डोळे पुसत. "सारखं खाली खाली करतात, आणि निजवलं की चिडतात. डोक्यात काय शिरलंय त्यांच्या कुणास ठाऊक." पुढेही रोज सकाळी, मी कॉलेजला गेल्यावर, तेच चाललं. दादा गाडी सुरू करायचा, तात्या ओरडायचे, आई त्यांना खाली निजवायची. त्यांच्याजवळ सगळा मिळून मूठभर शब्दांचा साठा उरला होता. त्यातला नेमका पाहिजे तो शब्द ते काढून देत होते, आणि घरातलं प्रत्येक माणूस तो आपापल्या परीनं घेऊन बाजूला ठेवत होतं. आता ह्या वयात विचार करते तेव्हा मला त्यांच्या लकव्यापेक्षा ह्याची जास्त भीती वाटते.

होळीनंतरच्या अष्टमीला जयपूरकडे बास्योडा असतो. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, शितळामाईला शिळ्याचा नैवेद्य दाखवायचा आणि दिवसभर थंडच खायचं. आमच्याकडे शितळा सातव श्रावणात, पण आईनं शेजारणीचं बघून हाही सण घेतला होता. गुळाचे पुए, पुऱ्या, ताकातली बाजरीची राबडी, दही-भात, सगळं गार. शेजारीण म्हणाली, चाकसूच्या टेकडीवर माताजीची जत्रा आहे, साहेबांना दर्शनाला न्या. दादानं ऐकताच उडी मारली. "गाड़ी से चलते हैं!" त्या सकाळी घरात स्टोचा आवाज नव्हता, फोडणीचा वास नव्हता, त्यामुळे घर कुणी राहत नसल्यासारखं झालं होतं. दादानं तात्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, त्यांचा फौजेतला कोट घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला. आई आणि मी मागे, मांडीवर गार पुऱ्यांचा डबा.

टोंक रोड सरळ आणि मोकळा. दादानं आजवर गाडी फक्त गल्लीत फिरवली होती. ब्रेक जड लागतो हे त्याला ठाऊक होतं, पण "पुरानी गाड़ी है, दम लगाना पड़ता है," अशी त्यानं समजूत करून घेतली होती. वारं आत येत होतं, दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं पिवळी झाली होती, आणि खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता. दादा मधूनच शेजारी तात्यांकडे बघायचा. तात्या समोर बघत होते. मला मागून दिसत होतं की त्यांचा चांगला पाय, डावा, गाडीच्या तळाशी सारखा दाबला जातोय.

चाकसू जवळ आलं तशी गर्दी वाढली. उंटगाड्या, बायकांनी भरलेल्या ट्रॉल्या, डोक्यावर टोपल्या घेऊन चालणारी माणसं. पुढची ट्रॉली एकदम थांबली. दादानं ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. त्यानं दोन्ही पाय देऊन, सीटवरून उठून दाबला, तरी ती आपली सरकत, सरकत ट्रॉलीतल्या बायकांच्या लटकणाऱ्या पायांकडे निघाली. तात्या ओरडले, "खाली! खाली!" दादानं चाक फिरवलं आणि गाडी रस्ता सोडून वाळूत शिरली, एका बोरीच्या झुडपात तोंड खुपसून बंद पडली. कुणाला लागलं नाही. ट्रॉलीतल्या बायका आधी किंचाळल्या, मग हसायला लागल्या. आमच्या पुऱ्या सगळ्या पायाखाली सांडल्या होत्या. आई म्हणाली, "सुरेश, त्यांना उतरायचंय रे, खाली घे त्यांना."

दादा उतरला तो सरळ बॉनेट उघडायला गेला. मी त्याच्यामागे गेले. तो वाकून एकेक नळी चाचपत होता. "सब तो ठीक है," तो म्हणाला. "एक-एक पाइप देख ले. जो जोड़ने थे, जोड़े. जो खाली रखने थे, खाली रखे. देख, लिखा है. तात्या ने खुद लिखा है." त्यानं त्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. मी ती पट्टी वाचली, मग पलीकडे बूस्टरवरची वाचली. इंजिनावरच्या पट्टीच्या वर आणखी एक पट्टी होती, "मधी", आणि त्याच्याही वर "वर".

"दादा," मी म्हटलं, "हे मराठी आहे."

त्याला कळायला वेळ लागला नाही. मी अजून काही सांगायच्या आत त्यानं त्या तिन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवलं, वरून खाली. मग तो तिथेच वाळूत बसला. त्याला सगळं एकदम आठवलं असणार, रोजची सकाळ, ते बोट, तो खांद्यावरचा हात. मी कुणाचा चेहरा असा कोसळताना त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. आई विचारत होती, "काय झालं गं? काय झालं?" आणि मला तिलाही सांगावं लागलं की ते निजायचं म्हणत नव्हते.

दादा उठला, तात्यांच्या बाजूचं दार उघडून त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. "तात्या," तो म्हणाला, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी मराठीत बोलला. "तात्या, मला समजला. खाली. खालचा पाईप. नीचेवाला. मी आता लावतो. आजच लावतो. बराबर ना? तात्या, बराबर ना?" तात्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते समोरच्या काचेतून त्या बोरीकडे बघत होते, एस.टी.तून जाताना दुसऱ्याच्या गावाकडे बघावं तसे. दादानं त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, धरलाही नाही.

त्यानंतर तात्या बोलले नाहीत. "पाणी" नाही, "नगं" नाही, आईचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी एक बारीकसा झटका येऊन गेला असेल. असेलही. मी डॉक्टरांचं खोटं म्हणत नाही. पण बोलता येत नव्हतं की बोलायचं उरलं नव्हतं, हे आमच्यातल्या कुणाला कधी कळलं नाही. गाडी घरी आणल्या आणल्या दादानं टोपी काढून तिथे नवी नळी बसवली. ब्रेक लोण्यासारखा झाला. दुसऱ्या सकाळी त्यानं खुर्ची गाडीसमोर ठेवली, इंजिन सुरू केलं, आणि दार उघडं ठेवून, तात्यांना दिसेल असं, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून दाखवला. "बघा तात्या. बघा." तो मराठीतच म्हणत होता. असं तो कितीतरी दिवस करत राहिला. आई एकदा बाहेर येऊन म्हणाली, "बास कर रे लेकरा," तेव्हा थांबला.

तात्या उन्हाळ्यातच गेले. अस्थी घेऊन आम्ही गावी गेलो ते रेल्वेनं, आणि पुढे यष्टीनं. थांब्यावर उतरलो तेव्हा दादा थोडा वेळ रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिला. मला वाटलं त्याला काहीतरी करायचं आहे, पण करण्यासारखं काही नव्हतं. मग आम्ही चालायला लागलो.

मी लग्न होऊन पुण्याला आले. आई पुढे दादाजवळच राहिली आणि तिथेच गेली. दादा आजही प्रताप नगरच्या त्याच घरात आहे. गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. ती रस्त्यावर पुन्हा कधी निघाली नाही. तरीही जयपूरच्या उन्हानं नळ्या कडक झाल्या की तो सगळ्या काढतो, एकेकीचा माग काढतो, नव्या बसवतो, आणि नव्या चिकटपट्टीवर तेच शब्द लिहितो, तात्यांच्यासारख्या मोठ्या, सरळ अक्षरात. आता तो मराठी चांगली बोलतो. टीव्हीवर ऐकून, माझ्याशी फोनवर बोलून शिकला. बोलायला घरात कुणी नाही. बायको तिकडचीच, मुलगा-सून हिंदी बोलतात. एवढी सगळी मराठी त्यानं शिकून ठेवली आणि ती ज्याच्यासाठी होती तो माणूस नाही, ह्याचं मी काय करू? मी त्याला धीर देत नाही. द्यायला जवळ काही असेल तर द्यावा.

मागच्या दिवाळीत मी त्याच्याकडे गेले होते. आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. सुनेनं गॅसपाशी खटपट केली आणि वळून म्हणाली, "पापाजी, सिलिंडर खाली हो गया." दादानं कप बाजूला ठेवला, उठला, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि ओट्याच्या खाली बघायला लागला. सून हसली. "अरे पापाजी, खाली! खत्म हो गया!" "हाँ, हाँ," तो म्हणाला, पण उठला नाही. ओट्याखाली काही नव्हतं. तो बघत राहिला.